पहिल्या पाचांत कोण?

दर वर्षी सप्टेंबरात माझ्यापुढे एकच मोठं काम असतं. एडमंटन ऑयलर्स या आइस हॉकी संघाचा येणारा हंगाम फँटसी लीग खेळणाऱ्या वाचकांसाठी लिहून काढायचा. संघ कितवा येईल, यंदा स्टॅन्ली कप घरी येईल का, हे आमच्याकडे दुसरे लोक लिहितात आणि छान लिहितात. माझ्या वाचकाचा प्रश्न वेगळा असतो. ड्राफ्टमध्ये त्याची पाळी येईल तेव्हा पडद्यावर नावांची रांग लागलेली असेल, घड्याळ उलटं धावत असेल आणि मिनिट-दीड मिनिटात त्याला ठरवायचं असेल की अमुक एक खेळाडू आत्ता उचलावा की आणखी दोन फेऱ्या थांबावं. त्या दीड मिनिटासाठी मी अख्खा सप्टेंबर खपते.

महाराष्ट्रात फँटसी म्हटलं की ड्रीम इलेव्हन डोळ्यांसमोर येतं. तो एका सामन्याचा खेळ. संध्याकाळी संघ लावला, रात्री निकाल लागला. शिवाय तिथे विराट कोहली तुम्हालाही घेता येतो आणि शेजाऱ्यालाही. इथली, एडमंटनमधली हॉकीची लीग तशी नसते. दहा-बारा जणांचा गट असतो, बहुतेक वेळा एकाच कचेरीतला किंवा जुन्या शाळासोबत्यांचा. हंगामाआधी सगळे एकत्र बसून पाळीपाळीने खेळाडू निवडतात. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, 82 सामन्यांच्या हंगामात, आपण निवडलेल्यांनी खरोखरच्या सामन्यांत जे काही केलं त्याचे गुण आपल्या खात्यात. गोल, असिस्ट, गोलवर मारलेले फटके, पॉवर प्लेवरचे गुण. काही लीगमध्ये धडका आणि अंगावर घेऊन अडवलेले फटकेसुद्धा मोजतात. निवड एकदाच होते आणि अर्धं वर्ष तिच्याबरोबर काढावं लागतं. म्हणून लोक गांभीर्याने वाचतात, आणि म्हणूनच लिहिणाऱ्याने गांभीर्याने लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी मूळची पुण्यातल्या खडकीची. धनराज पिल्ले ज्या वस्तीतून आले तिथे हॉकी म्हणजे हिरवळीवरची, काठीवर घट्ट पकड आणि गुडघ्यात वाकून खेळायची. इकडे आल्यावर बर्फावरची हॉकी पाहिली तेव्हा वेग सोडता एक गोष्ट लगेच ओळखीची वाटली. चेंडू असो की पक, तो कुठे जाणार आहे ते ओळखून आधीच तिथे उभा राहणारा खेळाडू दोन्हीकडे सारखाच दिसतो. आकड्यांची आवड आधीपासून होती. आकडेवारी तपासण्याच्या नोकरीतून हळूहळू लिहिण्याकडे आले आणि ऑयलर्सचा हा वार्षिक लेख माझ्याकडे आला.

या लेखात सगळ्यात जास्त जागा मी कॉनर मॅकडेविडला देत असेन असं लोकांना वाटतं. त्याला मी चार ओळी देते. 2022-23 मध्ये 64 गोल आणि 89 असिस्ट, म्हणजे 153 गुण. पुढच्या वर्षी 100 असिस्ट. एका हंगामात शंभर असिस्ट करणारे त्याच्याआधी तिघेच होते: बॉबी ऑर, वेन ग्रेट्झकी आणि मारियो लेम्यू. हा माणूस पहिल्या तिनांत जाणार हे सांगायला माझी गरज नाही. लिऑन ड्रायसाइटलचंही तेच. त्याच्याबद्दल एक उपयोगाची गोष्ट मात्र दर वर्षी लिहिते. तो सेंटर आहे, पण पुष्कळ लीगमध्ये त्याला डाव्या विंगवरही लावता येतं. सेंटर बाजारात ढिगाने मिळतात, चांगले लेफ्ट विंग मोजके. त्यामुळे तेवढेच गुण करणाऱ्या दुसऱ्या सेंटरपेक्षा ड्रायसाइटलचं मोल कागदावर जास्त ठरतं. एवढं सांगून मी पुढे सरकते, कारण लीग जिंकली जाते ती पहिल्या फेरीत नव्हे. पाचव्यापासून बाराव्या फेरीपर्यंत जे हाताला लागतं त्यावर ती जिंकली जाते, आणि तिथे नावापेक्षा जागा बोलते.

जागा म्हणजे काय ते नीट सांगते, कारण माझ्या सगळ्या लेखाचं सार त्यातच आहे. हॉकीत एखाद्याने आगळीक केली की त्याला दोन मिनिटं पेटीत बसवतात. समोरचा संघ तेवढा वेळ पाचास चार असा खेळतो. हा पॉवर प्ले. त्यासाठी प्रत्येक संघाच्या पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या ठरलेल्या असतात. एडमंटनची पहिली तुकडी दोन मिनिटांतला बहुतेक वेळ खाऊन टाकते. दुसरीच्या वाट्याला शेवटचे काही सेकंद येतात, तेही पक आपल्याच टोकाला असताना. 2022-23 मध्ये ऑयलर्सने 32.4 टक्के पॉवर प्लेवर गोल केले. ऑयलर्स ज्या एनएचएल लीगमध्ये खेळतात तिच्या इतिहासात कोणत्याही संघाला हे जमलेलं नव्हतं. सर्वसाधारण संघ पाचांतून एकदा गोल करतो. हे तिनांतून एकदा करत होते. म्हणजे त्या पहिल्या पाच जणांत उभं राहणं हीच एक कमाई होती.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला इव्हान बूशार. 2018 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलेला हा बचावपटू. फटका असा की बर्फाच्या त्या टोकाला बसलेल्या माणसालाही आवाज ऐकू जावा. पण पहिल्या तुकडीत निळ्या रेषेवर, सगळ्यांच्या मागे उभं राहून पक फिरवायचं काम टायसन बॅरीकडे होतं. 2022-23 च्या हंगामात बूशारचे 40 गुण झाले. चांगले, पण ड्राफ्टमध्ये कुणी भांडावं इतके नाहीत. फेब्रुवारी 2023 च्या शेवटी एडमंटनने नॅशविलकडून मॅटियास एकहोल्म घेतला आणि त्या व्यवहारात बॅरी तिकडे गेला. बातम्यांचे मथळे सगळे एकहोल्मवर होते, आणि ते बरोबरच होतं, कारण संघाचा बचाव त्याच्यामुळे सुधारला. फँटसी खेळणाऱ्याने मात्र बातमीची दुसरी बाजू वाचायला हवी होती. निळ्या रेषेवरची ती जागा रिकामी झाली आणि बूशार तिथे गेला. त्या वसंतातल्या प्लेऑफमध्ये त्याने 12 सामन्यांत 17 गुण केले. पुढच्या पूर्ण हंगामात 18 गोल, 64 असिस्ट, 82 गुण. मुलगा तोच, फटका तोच. उभं राहायची जागा बदलली आणि गुण दुप्पट झाले.

उलट बाजूही त्याच तुकडीत दिसते. रायन न्यूजेंट-हॉपकिन्स हा 2011 चा पहिल्या क्रमांकाचा निवडलेला खेळाडू, शहराचा लाडका, तेव्हापासून एकाच संघात. 2022-23 मध्ये त्याने 104 गुण केले आणि त्यातले साधारण निम्मे पॉवर प्लेवरचे होते. त्या उन्हाळ्यात लोकांनी त्याला शंभर गुणांचा खेळाडू म्हणून घ्यायला सुरुवात केली. माझ्या लेखात मी त्याच्या गुणांचे दोन ढीग केले होते, एक पाचास पाचचा आणि एक पॉवर प्लेचा. पहिला ढीग त्याच्या नेहमीच्या उंचीचा होता. दुसरा ढीग संघाच्या विक्रमावर उभा होता, आणि विक्रमी टक्केवारी दुसऱ्या वर्षी तशीच राहिल्याची उदाहरणं सापडत नाहीत. पुढच्या वर्षी संघाची टक्केवारी सव्वीसच्या आसपास आली, जी तरीही लीगमधल्या उत्तमांपैकी होती, आणि न्यूजेंट-हॉपकिन्स 67 वर आला. त्यानंतरच्या वर्षी 49. तो वाईट खेळला असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आपला खेळाडू पेटीत असताना तो बचावाला उतरतो, फेसऑफ घेतो, कुठल्याही ओळीत निमूट खेळतो. प्रशिक्षकाला असा खेळाडू सोन्यासारखा असतो. फँटसीच्या वहीत त्या कामांना रकानाच नाही. त्याचं मोल कमी नाही, त्या वहीतलं मोल कमी आहे, आणि हे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिणं मी माझं कर्तव्य समजते.

2024 चा सप्टेंबर मला विशेष लक्षात आहे. जूनमध्ये संघ फ्लोरिडाविरुद्ध स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत तीन सामने हरून मग तीन जिंकला होता आणि सातवा 2-1 असा गमावला होता. शहर अजून त्या रात्रीतून बाहेर आलेलं नव्हतं. जुलैत दोन नवे आघाडीपटू आले, जेफ स्किनर आणि व्हिक्टर आर्विडसन. दोघेही सिद्ध गोल करणारे. स्किनरने दोन वर्षांपूर्वीच बफेलोसाठी 35 गोल आणि 82 गुण केले होते. हजारावर सामने खेळूनही त्याने प्लेऑफचा एकही सामना पाहिला नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांच्याच मनात माया होती. आता तो ड्रायसाइटलच्या शेजारी खेळणार, मग तीस गोल कुठे गेले नाहीत, असा हिशेब घरोघरी चालला होता.

त्या वर्षी गणपती 7 सप्टेंबरला बसले. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत सांगलीचा एक तरुण अभियंता माझ्या मागे उभा होता. मी काय लिहिते हे त्याला ठाऊक होतं.

"ताई, जेफ स्किनर घ्यायचा म्हणतोय. सातव्या फेरीत. जास्त होतंय का?"

"तुला तो का हवाय ते आधी सांग."

"ड्रायसाइटलबरोबर खेळणार ना! त्याच्या बाजूला कुणीही उभा राहिला तरी वीस-पंचवीस गोल सहज होतात."

"आणि पॉवर प्लेला?"

तो थोडा थांबला. "असेल की पहिल्या तुकडीत. इतका मोठा गोल करणारा."

"मग कुणाला बाहेर काढतील? मॅकडेविड, ड्रायसाइटल, न्यूजेंट-हॉपकिन्स, हायमन, बूशार. या पाचांतलं एक नाव तू खोड."

त्याने हातातली प्रसादाची वाटी सांभाळत बोटांवर नावं मोजली आणि हसून म्हणाला, "ताई, सरावाला जाऊन बघा आणि मला सांगा."

मी तेच करते. रॉजर्स प्लेसला लागून सरावाचं छोटं रिंक आहे. तिथल्या बाकांवर सप्टेंबरातही जाड जाकीट घालून बसावं लागतं. सरावाचा पहिला तासभर फँटसीच्या दृष्टीने फारसा कामाचा नसतो. धावणं, वळणं, दोनास एक, गोलरक्षकांना गरम करणं. ओळी कशा लावल्या आहेत ते जर्सीच्या रंगावरून कळतं, एका रंगाचे तिघं एका ओळीत. ते मी टिपून घेते, पण पेन्सिलीने, कारण ओळी आठवड्यागणिक बदलतात. माझं खरं काम पॉवर प्लेच्या सरावाला शिट्टी वाजते तेव्हा सुरू होतं. ड्रायसाइटल उजव्या वर्तुळाच्या खालच्या अंगाला जातो, गोलरेषेच्या इतका जवळ की तिथून फटका मारायला जागाच नाही असं वाटावं, आणि तो तिथूनच पक न थांबवता मारतो. हायमन गोलरक्षकाच्या तोंडासमोर पाठ करून उभा राहतो. बूशार मागे निळ्या रेषेवर. मॅकडेविड डावीकडे पक घेऊन एक पाऊल आत टाकतो, मागे येतो, पुन्हा आत जातो, आणि चारही बचाव करणाऱ्यांची डोकी त्याच्याबरोबर फिरतात. पाचवा न्यूजेंट-हॉपकिन्स, जिथे मोकळी जागा तिथे. त्या पाचांना एकमेकांकडे बघावं लागत नाही. पाहणाऱ्याला एवढं कळतं की ही घडी मोडायला प्रशिक्षकाकडे काही कारण नाही.

त्या सप्टेंबरात स्किनर आणि आर्विडसन दुसऱ्या तुकडीत होते. मी त्या दोघांबद्दल लेखात तेच लिहिलं: पाचास पाचला चांगली साथ, पॉवर प्लेवर उरलेसुरले सेकंद, उशिरा मिळाले तर घ्या. हंगाम संपला तेव्हा स्किनरचे 16 गोल आणि 29 गुण होते, आर्विडसनचे 15 गोल आणि 27 गुण. वाचकाला याचा उपयोग झाला की नाही हे मला दर वेळी कळत नाही. सांगलीच्या मुलाने सातव्या फेरीत दुसरा कुणीतरी घेतला एवढं मात्र त्याने दिवाळीच्या फराळाला आवर्जून सांगितलं.

झॅक हायमन हे त्या वर्षीचं खरं अवघड प्रकरण होतं. टोरांटोहून 2021 मध्ये आलेला कष्टाळू खेळाडू. एडमंटनमधल्या पहिल्या वर्षी 27 गोल, दुसऱ्या वर्षी 36, आणि 2023-24 मध्ये 54. वर प्लेऑफमध्ये आणखी 16. पहिल्या तुकडीतली जागा पक्की, पाचास पाचलाही मॅकडेविडच्या बाजूला. माझ्या कसोटीवर तो पुरेपूर उतरत होता. मग दुसरी कसोटी लावावी लागते. त्या वर्षी त्याने मारलेल्या दर शंभर फटक्यांमागे अठराहून जास्त गोल झाले. त्याआधीच्या वर्षांत हे प्रमाण बारा-तेराच्या आसपास होतं. फटके किती मारायचे हे बरंचसं खेळाडूच्या हातात असतं. त्यातले किती आत जातील यात गोलरक्षक, खांब, उडालेला पक आणि नशीब हे सगळे भागीदार असतात. म्हणून फटक्यांचा आकडा वर्षानुवर्षं टिकतो आणि टक्केवारी आपल्या जुन्या जागी परतते.

पण इथे थांबलं तर लेख अर्धवट राहतो. हायमनची टक्केवारी वाढण्याला एक खरं कारणही होतं. तो आता गोलच्या तोंडाशीच उभा असायचा आणि मॅकडेविडचा पास आला की काठी टेकवण्याइतकंच अंतर उरायचं. इतक्या जवळून मारलेले फटके आत जाणारच. म्हणजे टक्केवारी जुन्या बारा-तेरावर पूर्ण उतरेल असंही ठामपणे म्हणता येत नव्हतं. अशा वेळी एकच आकडा छापून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण वाचकाला एक आकडा आवडतो. मी तसं करत नाही. खालची पायरी, मधली पायरी, वरची पायरी, आणि प्रत्येक पायरीसाठी काय घडावं लागेल ते लिहिते. 54 हा वरच्या पायरीचाही वरचा कठडा आहे, त्या भावाने त्याला विकत घेऊ नका, असं मी लिहिलं. 2024-25 च्या हंगामात तो पुन्हा 27 वर आला, पहिल्या वर्षी होता तिथेच.

पायऱ्या लिहायच्या म्हटल्या की गोलरक्षकांपाशी येऊन हात थांबतो. फँटसीतली सगळ्यात निसरडी जागा ही. ऑयलर्ससारखा सतत गोल करणारा संघ असला की गोलरक्षकाला विजय भरपूर मिळतात; पण संघ आक्रमणाला पुढे गेला की मागे मोकळं रान सोडतो आणि वाचवलेल्या फटक्यांची टक्केवारी घसरते. ऑयलर्सचा तेव्हाचा गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर (जेफ वेगळा) याच शहरात जन्मलेला. 2023-24 मध्ये त्याने 36 सामने जिंकले आणि त्याची टक्केवारी .905 होती, म्हणजे हजारातले 905 फटके अडवले. पुढच्या वर्षी ती .896 वर आली. विजय मोजणाऱ्या लीगमध्ये आणि टक्केवारी मोजणाऱ्या लीगमध्ये हाच माणूस दोन वेगवेगळ्या किमतीचा आहे. त्यामुळे गोलरक्षकांच्या परिच्छेदात मी आधी वाचकाला त्याच्या लीगचे नियम उघडून बघायला सांगते. कुणालाही हे कंटाळवाणं वाटेल, पण यावाचून दिलेला सल्ला पोकळ असतो.

गोलरक्षकांचं चित्र किती झपाट्याने पालटतं ते 2023 च्या शरद ऋतूत सगळ्यांनी पाहिलं. पहिल्याच सामन्यात व्हँकूवरने ऑयलर्सला 8-1 असं झोडपलं. नोव्हेंबरात जॅक कॅम्पबेल, वर्षाला 50 लाख डॉलर घेणारा गोलरक्षक, खालच्या लीगमध्ये बेकर्सफील्डला पाठवला गेला. त्यानंतर काही दिवसांतच, 13 सामन्यांत फक्त 3 विजय अशी अवस्था असताना, प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांना काढलं आणि क्रिस नॉब्लॉक आले, जे मॅकडेविडचे कुमारवयातले प्रशिक्षक होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात संघ जिंकायला लागला तो सलग 16 सामने जिंकत गेला, पिट्सबर्गच्या 1993 च्या विक्रमाला एक कमी. नोव्हेंबरात ज्यांनी स्टुअर्ट स्किनरला सोडून दिलं होतं त्यांच्या हातून यातले बहुतेक विजय गेले. पुढच्याच वर्षी पुन्हा तशीच सुरुवात झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये विनिपेगने ऑयलर्सला त्यांच्या घरच्या मैदानावर 6-0 असं हरवलं. तेव्हा मला आलेल्या पत्रांमध्ये सगळे एकच विचारत होते, विकू का? पूर्वतयारीच्या लेखाचं निम्मं काम अशा आठवड्यासाठी असतं. वाचकाने आपली निवड कशाच्या आधारावर केली होती ते त्याला परत वाचता आलं पाहिजे. आधार अजून जागेवर असेल, म्हणजे तीच पाच माणसं, तेवढीच मिनिटं, तेवढेच फटके, तर एका 6-0 ने काही बदललेलं नसतं.

वेळापत्रकाबद्दलही मी लिहिते, पण थोडक्यात. एनएचएलचे बहुतेक सामने मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असतात. त्या रात्री तुमच्या संघातले सगळेच खेळत असतात आणि जागेअभावी दोन-तीन जणांना बाकावर बसवावं लागतं. सोमवारी किंवा बुधवारी खेळणारा साधा खेळाडू म्हणून कधी कधी जास्त उपयोगी पडतो. मार्चमध्ये फँटसीचे बाद सामने असतात, त्या आठवड्यांत आपल्या संघाचे किती सामने आहेत ते आधीच मोजून ठेवावं. 2025 च्या फेब्रुवारीत चार देशांच्या स्पर्धेसाठी लीग थांबणार होती, तेही आधीपासून माहीत होतं. हे सगळं कॅलेंडर बघून कुणालाही करता येतं.

कॅलेंडरमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे दुखापत, आणि तिच्याबद्दल लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ घेते. इव्हँडर केनसारखा खेळाडू धडका आणि पेनल्टीची मिनिटं मोजणाऱ्या लीगमध्ये फार मोलाचा. 2024 च्या सप्टेंबरात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीचा नियमित हंगाम तो एकही सामना खेळला नाही. हायमनचं मनगट 2025 च्या मे महिन्यात डॅलसविरुद्ध निखळलं आणि पुढच्या हंगामाची सुरुवात त्याला बाहेर बसून करावी लागली. माझ्या वाचकाला यातून एकच गोष्ट हवी असते: किती सामने बुडणार? त्याला ती मिळायलाच हवी. पण रकान्यात शून्य टाकताना तो शून्य एका माणसाच्या मनगटाचा आहे हे माझ्या वाक्यातून विसरलं जाऊ नये असं मी बघते. "हा यंदा कुचकामी" असं कुणी लिहून दिलं तर मी ते काढून टाकते. त्याऐवजी तो कधी बर्फावर उतरला, काठी दोन्ही हातांनी धरतो का, धडक घेणाऱ्या सरावात आहे की वेगळ्या रंगाची जर्सी घालून बाजूने फिरतोय, हे लिहिते. ते अधिक माणुसकीचं आहेच, शिवाय वाचकाला त्यातून जास्त कळतं.

हे काम करताना मला सगळ्यात समाधान कशाचं वाटतं असं विचारलं तर मी एका वाचिकेचं नाव न घेता सांगेन. इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका, लीगमधली एकटीच बाई. तिने मला लिहिलं होतं की ड्राफ्टच्या वेळी बाकीचे सगळे एकमेकांशी लहानपणापासूनच्या हॉकीच्या गोष्टी बोलतात, आणि तिने या देशात येऊन पहिला सामना बघितला तेव्हा ती तिशीत होती. माझा लेख छापून तिने सोबत नेला होता. बूशारला घेण्याचं कारण तिला एका वाक्यात सांगता आलं आणि टेबलावरच्या एकाही माणसाला ते खोडता आलं नाही. मी स्वतः बाहेरून या खेळात आले, म्हणून मला ठाऊक आहे की लहानपण उसनं आणता येत नाही. पण कोण कुठे उभा राहतो हे बघायला शिकता येतं, आणि ते शिकलेला माणूस त्या टेबलावर बरोबरीने बसतो.

म्हणून लीग चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ड्राफ्ट सप्टेंबरच्या मध्यावर, सराव सामने सुरू व्हायच्या आधी ठेवू नका. शेवटचा सराव सामना संपल्यानंतरची आणि पहिल्या खऱ्या सामन्याआधीची एखादी संध्याकाळ निवडा. तोवर दुखापती कळलेल्या असतात, गोलरक्षकांत पहिला कोण ते ठरलेलं असतं, आणि पॉवर प्लेच्या शिट्टीला कोणते पाच जण पुढे येतात ते ज्याला बघायचंय त्याला बघता येतं.